साडेसातपर्यंत फोन आला नाही तर

थोरले जावई पहाटे साडेपाचला उठत. पण त्यांच्याआधी घरातली तीन घड्याळं उठत. पहिलं उशाशी. ते बंद पडलं तर म्हणून दुसरं खिडकीत. आणि ती दोन्ही आपणच झोपेत बंद करू, अशी स्वतःच्या हाताबद्दल रास्त शंका असल्यामुळे तिसरं स्वयंपाकघरात, डब्यांच्या वरच्या फळीवर. तिथवर पोचायला स्टूल लागे, आणि स्टुलावर चढलेला माणूस पुन्हा झोपत नाही, असं थोरल्यांचं मत होतं. गेल्या सहा वर्षांत थोरल्यांना उठवायला ते तिसरं घड्याळ एकदाही कामी आलं नव्हतं. त्यांच्या बायकोला, थोरलीला, मात्र ते रोज उठवी.

थोरल्यांची एक वही होती. दर दिवसाला एक पान, पानावर मधोमध रेघ. डावीकडे 'ठरलेलं', उजवीकडे 'नाही जमलं तर'. डावीकडे चार ओळी असल्या तर उजवीकडे अकरा असत. बस चुकली तर दुसरी बस, तीही चुकली तर टॅक्सी, टॅक्सी मिळाली नाही तर पायी जायला बॅगेत मऊ बूट. छत्री मोडली तर छत्री. आणि एखाद्या दिवशी डावीकडचं सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलंच, तर संध्याकाळी उजव्या बाजूकडे बघून थोरले जरा खट्टू होत. एवढी तयारी केली आणि साधं काही अडलंसुद्धा नाही!

या वहीत गल्लीतल्या निम्म्या माणसांची कुठे ना कुठे वर्णी लागलेली होती. नव्हती ती फक्त एका माणसाची. धाकट्या जावयांची.

हे दोघे साडू एकाच दुकानात काम करीत; सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानात. पुढे काउंटर, आरसे आणि फ्रेमा. मागे पडद्याआड काचा घासायचं यंत्र. थोरल्यांचा हात अचूक, म्हणून ते मागे. धाकट्यांचा चेहरा हसरा, म्हणून ते पुढे. सासऱ्यांनी केलेली ही वाटणी कामाच्या दृष्टीने चोख होती, पण तिच्यामुळे एक गोष्ट घडे. थोरल्यांनी तासभर खपून घासलेली काच डोळ्याला लागली, समोरचं जग लख्ख दिसू लागलं, की गिऱ्हाईक आशीर्वाद देई तो समोर उभ्या असलेल्या धाकट्यांना. पडद्याआड थोरले ते ऐकत आणि यंत्राचा आवाज वाढवीत.

तेवढंच असतं तर एक वेळ सोसलं असतं. पण ज्या बससाठी थोरले वीस मिनिटं आधी येऊन उभे राहत, ती बस धाकटे कोपऱ्यावर दिसले की येई. धाकटे छत्री विसरत, त्या दिवशी ऊन पडे. थोरले दोन छत्र्या नेत, त्या दिवशीही ऊनच पडे. आणि भर उन्हात दोन छत्र्या घेऊन उभा असलेला माणूस कसा दिसतो, हे ज्याचं त्यानं ठरवावं. धाकटे रोज उशिरा येत, तर पहिलं गिऱ्हाईक त्यांच्याहून पाच मिनिटं उशिरा येई. "दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात," थोरले बायकोला म्हणत, "ह्यांचं कर्म कुठे रजेवर गेलंय कोण जाणे."

"तुम्ही त्यांच्याकडे बघू नका ना," थोरली म्हणे.

"बघत नाही मी. दिसतं."

साडू हे नातंच असं, की धड भांडता येत नाही आणि धड मिठीही मारता येत नाही. भावासारखं म्हणावं तर रक्त नाही, मित्रासारखं म्हणावं तर निवडलेलं नाही. धाकटे त्यांना 'दादा' म्हणत. थोरले मात्र धाकट्यांना आठ वर्षं 'अहो-जाहो'च करीत आले होते. मान म्हणून नव्हे. हातभर अंतर राहावं म्हणून.

अशात सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. चाळीस वर्षं दुसऱ्यांना "खालची ओळ वाचा" म्हणणाऱ्या माणसाला स्वतःच्या दुकानातला तक्ता दिसेना. ऑपरेशनची तारीख ठरली. त्या संध्याकाळी काउंटरमागच्या आपल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसून सासऱ्यांनी दोन्ही जावयांना समोर उभं केलं.

"महिनाभर मी घरी. तेवढे दिवस या खुर्चीवर कोण बसेल, ते ऑपरेशनच्या दिवशी सांगतो," ते म्हणाले. "आणि महिनाभर म्हणजे पुढचंही त्यातच आलं. माझं वय झालं आता. एकदा उठलो की पुन्हा बसायचा नाही मी इथे."

"म्हणजे तुमचं ठरलंय का, बाबा?" थोरल्यांनी घसा खाकरत विचारलं.

"ठरलं असतं तर आजच नसतं का सांगितलं? बघतोय अजून."

थोरल्यांनी खुर्चीकडे पाहिलं. त्या खुर्चीवरून गिऱ्हाईक समोर दिसे. आशीर्वाद थेट अंगावर येत. पडदा मध्ये नव्हता.

"ऑपरेशनच्या दिवसाची सगळी व्यवस्था माझ्याकडे," ते ताबडतोब म्हणाले.

"मी काय करू, दादा?" धाकट्यांनी विचारलं.

"काही नको. तुम्ही आपले या नेहमीसारखे. अकराला."

धाकटे हसले. पण जरा थांबून हसले.

त्या रात्रीपासून वहीत त्या एका दिवसाला चार पानं मिळाली. डावी बाजू सोपी होती. सात वाजता टॅक्सी. थोरले आणि सासरे डोळ्यांच्या दवाखान्यात. साडेनऊला थोरली किल्ली घेऊन दुकान उघडणार. उजव्या बाजूला मात्र माणसं भरायला लागली. टॅक्सी आली नाही तर म्हणून दुकानासमोरचे टेलर, कारण त्यांच्याकडे कपडे पोचवायची व्हॅन होती. ट्रॅफिकमध्ये अडकलो तर म्हणून मावसभाऊ. त्यांनी फाईलची झेरॉक्स घेऊन परस्पर दवाखाना गाठायचा आणि नाव नोंदवायचं. रक्त लागलं तर म्हणून व्यायामशाळेतले मास्तर. थोरलीला उशीर झाला तर म्हणून दुकानाशेजारचे स्टेशनरीवाले काका. त्यांना एक जादा किल्ली. आणि किल्ल्याच चालल्या नाहीत तर म्हणून कुलूपवाला.

पाच माणसं, आणि पाचांना मिळून एकच नियम. थोरल्यांनी तो बायकोला अभिमानाने वाचून दाखवला.

"साडेसातपर्यंत माझा फोन आला नाही, तर गडबड आहे असं समजायचं आणि आपापलं काम करायचं."

"फोन आला नाही तर?" थोरली म्हणाली. "अहो, उलटं हवं ना? गडबड झाली तर तुम्ही फोन करा."

"हेच ते! गडबडीत माणसाला फोन करायला सुचतं का? फोन पडतो, फुटतो, रेंज जाते. म्हणून गडबड असेल तर मी काहीच करायचं नाही. गप्प बसलो की आपोआप पाच माणसं हजर. आहे की नाही डोकं?"

"आणि सगळं सुरळीत झालं तर?"

"तर सात वीस ते साडेसात या वेळात पाच फोन करायचे. 'सगळं ठीक, येऊ नका.' लिहिलंय बघ."

"आणि ते विसरलात तर?"

थोरल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी यंत्राला विचारावं की तू काचा घासायला विसरलंस तर. थोरलीने दिवा मालवला.

तो दिवस उजाडला, आणि थोरल्यांच्या आयुष्यात पूर्वी कधी घडलं नव्हतं ते घडलं. सगळं ठरल्याहूनही चांगलं झालं. पहिल्याच घड्याळाने ते उठले. आदल्या रात्री मुक्कामाला आलेले सासरे आंघोळ करून तयार बसले होते. टॅक्सी दहा मिनिटं आधी आली, ड्रायव्हरने बॅग स्वतः उचलली, सिग्नल एकामागून एक हिरवे मिळत गेले. मागच्या सीटवर फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या थोरल्यांना जरा गुदगुल्या झाल्यासारखं वाटायला लागलं. धाकट्यांना रोज असंच वाटत असेल का? हे असं, फुकटात?

सात वाजून वीस मिनिटांनी थोरल्यांनी ठरल्याप्रमाणे फोन हातात घेतला. पहिला फोन टेलरना. पण तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, धाकटे आत्ता झोपलेले असणार. तोंड उघडं टाकून. आणि त्यांना कधी कळणारच नाही, की आज सिग्नलसुद्धा आपल्या बाजूने होते. फक्त एक मिनिट. एका मिनिटात सांगू आणि मग पाच फोन करू.

"हॅलो? दादा? काय झालं? येऊ का?" पलीकडून जाड आवाज आला.

"छे, छे! निघालोसुद्धा आम्ही. झोपला होतात वाटतं? म्हटलं कळवावं. टॅक्सी दहा मिनिटं आधी आली आज."

"आधी? काय सांगता! टॅक्सी आणि आधी?"

"तर काय. ड्रायव्हरने बॅग उचलली आपणहून."

"मग? पुढे?"

आता हा 'पुढे?' घातक होता. धाकटे ऐकत होते, मन लावून ऐकत होते, वर विचारतही होते. टॅक्सी कोणत्या रंगाची, फाईल कशी लावली, बाबा घाबरले का. आठ वर्षांत कुणी थोरल्यांना इतक्या बारकाईने काही विचारलं नव्हतं. निदान कुणाला तोंडभर उत्तर द्यावं, असं तरी थोरल्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी फाईलमधल्या कागदांचा क्रम सांगितला. मग सिग्नल सांगितले, एकेक करून. शेजारी सासरे डोळे मिटून बसले होते. एकदा ते म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला आणखी कुणाला फोन करायचे होते ना?"

"हो बाबा, हे झालं की लगेच."

ते झालं तेव्हा टॅक्सी दवाखान्याच्या दारात उभी होती आणि घड्याळात सात वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. पण थोरल्यांनी घड्याळ पाहिलंच नाही. त्यांनी पाहिली ती दारावरची पाटी: 'आत मोबाईल बंद ठेवावेत.' नियम पाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी फोन बंद केला. मग दुसऱ्या खिशातला राखीव फोनही बंद केला. आणि शीळ घालत सासऱ्यांना हाताला धरून आत नेलं.

तिकडे पाच घरांत साडेसात वाजले आणि फोन आला नाही.

टेलर पावणेआठला व्हॅन घेऊन घरी पोचले. थोरलीने दार उघडलं. "अहो, ते गेले केव्हाच. सगळं ठीक आहे."

"मग फोन का नाही आला?"

"विसरले असतील."

"ते?" टेलर म्हणाले. त्यांनी तिच्याकडे कणवेने पाहिलं. "वहिनी, तुम्हाला धक्का बसू नये म्हणून सांगितलं नसेल. वाटेत काहीतरी झालंय. ती दुसरी बॅग द्या इकडे."

कोपऱ्यात राखीव बॅग भरलेली होतीच. ती काखोटीला मारून टेलर धावले. थोरलीने नवऱ्याचे दोन्ही फोन लावून पाहिले. दोन्ही बंद. तिच्याही मनात क्षणभर पाल चुकचुकली, पण मग तिने विचार केला, आपल्याला सांगितलंय साडेनऊला दुकान उघडायला, आपण साडेनऊला दुकान उघडावं.

दवाखान्यात सासऱ्यांना आतल्या खोलीत नेऊन डोळ्यात थेंब घातले आणि आडवं केलं. थोरले बाहेर येतात तो काउंटरवर मावसभाऊ उभे. घामाने डबडबलेले आणि कृतकृत्य.

"आलास! सुखरूप आहेस ना?" त्यांनी थोरल्यांना कवटाळलं. "काळजी करू नकोस. नाव नोंदवलं मी."

"नाव मी नोंदवलंय."

"मीपण नोंदवलं."

थोरल्यांना आता ते पाच फोन आठवले. तेवढ्यात टेलर आत शिरले. मागोमाग हाफ शर्टाची बाही खांद्यापर्यंत सरकवून दंड पुढे केलेले व्यायामशाळेतले मास्तर आले आणि थेट सिस्टरसमोर जाऊन उभे राहिले.

"कुठे झोपू?"

"कशाला?"

"रक्ताला."

"मोतीबिंदू आहे हो. रक्त लागत नाही."

"पण लागलं तर?"

"लागतच नाही!"

"ते बरोबर आहे बाई, पण लागलं तर म्हणूनच मला सांगितलंय. नाश्ता करून आलोय मी भरपेट."

या गोंधळात आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या एका हातात एक फाईल होती आणि दुसऱ्या हातात दुसरी.

"एकाच नावाचे, एकाच वयाचे, एकाच पत्त्यावरचे दोन पेशंट," त्या म्हणाल्या. "एकाचा उजवा डोळा, एकाचा डावा. हे जुळे भाऊ आहेत का?"

झालं होतं असं, की झेरॉक्स काढली तेव्हा आधी डावा डोळा करायचं चाललं होतं. मग पुन्हा तपासणी झाली, उजवा ठरला, आणि थोरल्यांनी मूळ फाईल नीट बदलली. झेरॉक्स तशीच राहिली. राखीव गोष्टींचं हे असंच असतं. त्या ठेवताना माणूस जिवापाड ठेवतो. नंतर त्यांच्याकडे बघायला कुणी जात नाही.

"एकच आहेत ते, डॉक्टर," थोरले कसेबसे म्हणाले. "ती दुसरी फाईल राखीव आहे."

"आणि डोळा? तोही राखीव ठेवलाय का?"

मास्तर मोठ्याने हसले. सिस्टरने त्यांच्याकडे पाहिल्यावर त्यांनी बाही खाली केली.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कागदावर शंका असलेला पेशंट मी टेबलावर घेत नाही. दोन्ही डोळे पहिल्यापासून तपासणार, नवे कागद करणार. तुमचा पहिला नंबर होता, आता शेवटचा. आणि ही बाकीची माणसं कोण?"

"माझीच आहेत," थोरले म्हणाले. इतक्या बारीक आवाजात ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

आत पडद्यापलीकडे सासरे आडवे होते. त्यांना दिसत कमी होतं. ऐकू मात्र सगळं येत होतं.

इकडे दुकानाशी सव्वानऊलाच कुलूपवाला पोचला. गडबड आहे म्हटल्यावर वेळेआधीच गेलेलं बरं, असा त्याने सरळ विचार केला. जवळ किल्ल्यांचा हा एवढा जुडगा असूनही त्याने दोनचार किल्ल्या कुलपाच्या आसपास ठोकून पाहिल्या, मग कंटाळून करवत काढली. स्टेशनरीवाले काका आपल्याकडची किल्ली घेऊन येतात, तो परका माणूस मित्राच्या दुकानाचं कुलूप कापतोय!

"चोर! चोर!" काकांनी त्याची कॉलर धरली.

"अहो सोडा! मला सांगितलंय उघडायला!"

"कोणी सांगितलं?"

"चष्मेवाल्यांनी! फोन आला नाही तर उघड म्हणाले!"

"फोन आला नाही म्हणून तर मी आलोय! तू कोण?"

एकाच्या हातात करवत, दुसऱ्याच्या हातात किल्ली, भोवती पंधरा-वीस माणसं. बरोबर साडेनऊला थोरली आपली किल्ली घेऊन आली. "अहो, बाजूला व्हा, मला उघडू द्या," ती गर्दीमागून तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा कुलूप दोन तुकडे होऊन पायरीवर पडलं. दोन किल्ल्या हजर असताना कापलं गेलेलं ते बहुधा जगातलं पहिलंच कुलूप असेल. काका पोलिसांना बोलवायच्या बेतात होते. नवऱ्याचे फोन बंद. थोरलीने धाकट्यांना फोन लावला.

धाकटे अकरा मिनिटांत आले. डोकं विंचरलेलं नव्हतं आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. त्यांनी आधी काकांचा हात कॉलरवरून सोडवला, मग कुलूपवाल्याला आत नेऊन स्टुलावर बसवलं.

"जुडगा असताना कापलंत का हो?"

"भोक सापडेना."

"एवढं मोठं भोक?"

"एक असतं तर सापडलं असतं," कुलूपवाला चिडून म्हणाला. "दोन दिसत होती."

धाकट्यांनी त्याला तक्त्याकडे तोंड करून बसवलं आणि डोळ्यावर चाचणीची चौकट चढवली. एक काच, दुसरी काच, तिसरी. कुलूपवाल्याने आपले हात पाहिले. मग करवत पाहिली. मग दारातल्या गर्दीकडे पाहून म्हणाला, "काका, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय." गर्दीत हशा पिकला. एकजण म्हणाला, माझंही बघा जरा. त्याच्या मागे दुसरा. चोर बघायला जमलेली माणसं रांगेत उभी राहून अक्षरं वाचायला लागली.

सासऱ्यांचं ऑपरेशन दुपारी बाराला झालं आणि उत्तम झालं. उजव्याच डोळ्याचं. परत निघताना त्यांनी टॅक्सी दुकानापाशी थांबवायला लावली. डोळ्यावर हिरवं झाकण, एका बाजूला थोरले, दुसऱ्या बाजूला राखीव बॅग घेतलेले टेलर, अशी ती मिरवणूक पायरीशी आली. थोरल्यांनी पायरीवरचे कुलपाचे तुकडे पाहिले. आतली रांग पाहिली. मग काउंटरमागे उभे असलेले, हसणारे, एका पायात काळी आणि एका पायात तपकिरी चप्पल घातलेले धाकटे पाहिले. एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या डोक्यावर हात ठेवत होते.

सकाळपासून थोरल्यांनी जे जे गिळलं होतं, ते सगळं एकदम वर आलं.

"तुमचं बरं आहे हो!" ते दारातूनच म्हणाले. "आम्ही महिनाभर रात्रीचा दिवस करायचा, आणि तुम्ही चपला न बघता घरातून निघायचं, की दिवस तुमचा! कसं जमतं ते तरी सांगा एकदा!"

रांगेतल्या सगळ्यांनी दाराकडे माना वळवल्या. धाकट्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्या हसण्याखाली दुसरा चेहरा असेल, अशी शंकाही कुणाला कधी आली नव्हती.

"दादा, मी एक विचारू?" ते म्हणाले. "टेलर तुमच्या वहीत आहेत. काका आहेत. मावसभाऊ आहेत. हा कुलूपवाला आहे, त्याला तर दिसतसुद्धा नाही. मीच का नाही?"

थोरल्यांनी फाईल या काखेतून त्या काखेत घेतली.

"सकाळी तुमचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता मी पँट चढवली," धाकटे म्हणाले. "वाटलं, शेवटी 'या' म्हणाल. म्हणून मी विचारतच राहिलो, पुढे काय, पुढे काय. तुम्ही म्हणालात, सगळं ठीक आहे. मग बसून राहिलो तसाच. तुमचा फोन आला नाही म्हणून पाच माणसं धावत आली, दादा. मी फोन केला तरी कोण येईल? हसतात सगळे माझ्याशी. पण येणार कोण? जळतो मी तुमच्यावर. खरं सांगायचं तर आज त्या कुलूपवाल्यावरसुद्धा जळलो."

"माझी काय चूक?" कुलूपवाला म्हणाला.

 खरं उत्तर थोरल्यांना माहीत होतं: तुम्हाला यादीत घातलं असतं, तर तुम्ही ते माझ्याहून बरं केलं असतं. पण हे चारचौघांत बोलायचं कसं? ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला दुसरी गोष्ट तयार असे, त्याच्याकडे आज पहिलीच नव्हती.

"झालं तुमचं?" सासरे म्हणाले. त्यांना कुणीतरी स्टूल दिलं होतं; समोर त्यांची खुर्ची रिकामी होती. "मग माझं ऐका. सकाळी दुकान किती वाजता उघडायचं होतं?"

"साडेनऊला," थोरले म्हणाले.

"आणि साडेनऊला, ठरलेल्या वेळी, ठरलेली किल्ली घेऊन, ठरलेलं कोण आलं होतं?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग काकांनी आणि कुलूपवाल्याने एकदमच थोरलीकडे बोट दाखवलं. ती मागे गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर लिहून घेत होती. सकाळपासून तेच करत होती.

"मी आले होते हो," ती म्हणाली. "पण मला कुणी पुढेच होऊ देईना."

"शाळेत जायच्या आधी या तक्त्यावर अक्षरं शिकली ही पोर," सासरे म्हणाले. "चेहरा बघून नंबर सांगते. आणि मी मूर्ख, सहा महिने दोन जावयांकडे बघत बसलोय. मोतीबिंदू उगाच नाही पिकला. ये गं, बस इथे."

"बाबा, महिनाभर ना?" थोरल्यांनी विचारलं.

"बघू," सासरे म्हणाले. "मला आता दिसायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली खुर्चीवर बसली. पहिलं गिऱ्हाईक आलं, चष्मा लावून आरशात पाहिलं, वर्तमानपत्र वाचून पाहिलं आणि थेट तिला म्हणालं, "तुमचं भलं होवो, बाई." पडद्याआड थोरल्यांनी ते ऐकलं. काउंटरच्या टोकाला फ्रेमा पुसणाऱ्या धाकट्यांनीही ऐकलं. थोड्या वेळाने धाकटे फडकं घेऊन पडदा सारून आत आले आणि उगाचच यंत्र पुसायला लागले.

"दादा," ते हळूच म्हणाले, "ताई एखाद्या दिवशी नाही आल्या तर?"

"तर मी."

"आणि तुम्ही नाही आलात तर?"

थोरल्यांनी हातातली काच उजेडाकडे धरली, फिरवली, पुन्हा धरली. काचेत काहीच दोष नव्हता.

"तर तू," ते म्हणाले.

धाकट्यांचा हात फडक्यासकट थांबला. मग त्यांनी पुसून झालेलं यंत्र पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतलं.

"काय चाललंय हो आत?" पडद्यापलीकडून थोरलीचा आवाज आला. "मी रोज येणार आहे."

दोघांनी पडद्याच्या फटीतून खुर्चीकडे सारख्याच हेव्याने पाहिलं, आणि त्या क्षणी कुणी त्यांचे चेहरे पाहिले असते, तर हे दोघे साडू नसून सख्खे भाऊच आहेत, असं कुणीही शपथेवर सांगितलं असतं.